दोनशे सव्वीस नंबरची नोंद

पनवेलमधल्या एका साठ खाटांच्या खासगी रुग्णालयात सोळा वर्षं एक नियम होता. नवा संगणक, प्रिंटर किंवा कुठलंही यंत्र भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटला जोडण्याआधी जिन्याखालच्या खोलीत न्यायचं. तिथे कमळाकर भोईर ते यंत्र उलटं करत, चष्मा कपाळावर सारून त्याच्या पाठीवरचा बारा अक्षरांचा क्रमांक वाचत, लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात उतरवत आणि त्याच्यासमोर एक नंबर लिहीत. मग म्हणत, ‘आता लावा.’

रजिस्टरात दुसऱ्या कोणी लिहायचं नाही, हा नियमाचा दुसरा भाग होता. आणि यंत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्वतः कमळाकरांनीही लिहायचं नाही, हा तिसरा. या तिन्ही नियमांबद्दल रुग्णालयात थट्टा होत असे आणि ते तिन्ही पाळलेही जात.

रुग्णालयाच्या नेटवर्कमध्ये यंत्रांना द्यायला एकूण दोनशे चोपन्न नंबर होते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला बोलण्यासाठी एक नंबर लागतो आणि एका वेळी तो एकाच यंत्राचा असावा लागतो. हे वाटप सर्व्हर करतो. एखादा संगणक किंवा मोबाईल येऊन नंबर मागतो, सर्व्हर मोकळा नंबर काढून त्याला देतो, मुदतीने. इथे मुदत आठ दिवसांची होती. आठ दिवसांत ते यंत्र परत आलं नाही की नंबर पुन्हा मोकळा. सर्व्हरने कुठपासून कुठपर्यंतचे नंबर वाटायचे हे मात्र माणूस ठरवून देतो. त्याला स्कोप म्हणतात. कमळाकर त्याला हद्द म्हणत.

त्यांनी घालून दिलेली हद्द सोपी होती. पहिले वीस नंबर सर्व्हरच्या स्वतःच्या यंत्रणेचे. एकवीस ते दोनशे वाटपाचे. दोनशे एकपासून पुढचे सगळे रुग्णांच्या यंत्रांसाठी राखीव: अतिदक्षता विभागातले मॉनिटर, एक्स-रे, रक्त तपासणीची यंत्रं. ही यंत्रं सर्व्हरकडे नंबर मागत नाहीत. त्यांचा नंबर त्यांच्यातच हाताने भरलेला असतो. त्यामुळे त्यांच्याबद्दल सर्व्हरला काही माहीत नसतं. माहीत असतं ते रजिस्टरला.

भोईर मूळचे ओवे गावचे. खारघरच्या इमारती उभ्या राहण्याआधी त्यांच्या वडिलांची तिथे भातशेती होती. जमीन गेली तेव्हा कमळाकर शाळेत होते. पंचविसाव्या वर्षी, १९९९ साली, ते या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. चाळीस एक्स्टेन्शन होती आणि चाळीसही त्यांना पाठ होती. कोणत्या खोलीतला फोन कोण उचलतो आणि किती रिंगनंतर उचलतो, तेही. पुढे संगणक आले. व्यवस्थापनाने विचारलं, हे बघायला कोण शिकेल? चौतिसाव्या वर्षी कमळाकर शनिवार-रविवार वाशीला क्लासला जाऊ लागले. वर्गात सगळ्यात मोठे तेच होते. सर्व्हर बसला तेव्हा त्यांनी बाजारातून लाल रजिस्टर आणलं आणि पहिल्या पानावर समास आखला.

टेलिफोन बोर्डावरची एक गोष्ट त्यांनी नेटवर्कमध्येही आणली. बोर्डावर एखादं एक्स्टेन्शन वापरात आहे की नाही हे बघायचं तर तो नंबर फिरवायचा. रिंग गेली की तिथे लाईन आहे. फोनची वायर काढून ठेवली असली तरी ऑपरेटरच्या कानात रिंग वाजायचीच. रिंग गेलीच नाही तर तो नंबर रिकामा. दहा वर्षांत हे गणित एकदाही चुकलं नव्हतं. नेटवर्कमध्ये नंबर फिरवायचा तसाच एक उपाय आहे. एखाद्या नंबरला संगणकावरून हाक मारायची. तिथे कोणी असेल तर उत्तर येतं. कमळाकर त्यालाही रिंग देणंच म्हणत.

चार वर्षांपूर्वी धनेश नावाचा इंजिनीअर त्यांच्या हाताखाली आला. खांदा कॉलनीत राहणारा, बत्तीस वर्षांचा, कामाला तेज.

‘दादा, हे सगळं एक्सेलमध्ये टाकू या. दोन दिवसांचं काम आहे.’

‘एक्सेलमदी कोनी पन काय पन बदलतं. हितं माझं अक्षर हाय. चुकलं तर कोनाचं चुकलं ते शोधाय नको.’

‘आणि तुम्ही रिटायर झालात की?’

‘मग घेऊन जाईन घरी.’

‘वहिनी घरात घेणार नाहीत ते. आधीच तुमचा मोबाईल बाहेर ठेवायला लावतात म्हणे.’

कमळाकर हसत नसत, पण अशा वेळी रजिस्टर बंद करून त्यावर हात ठेवत. धनेशने दोनदा लेखी सुचवलं होतं की रुग्णांच्या नातेवाइकांच्या मोबाईलसाठी वेगळं नेटवर्क करावं, कारण प्रतीक्षागृहातलं वायफायही त्याच दोनशे चोपन्न नंबरांतून चालत होतं. त्या पत्रांवर कमळाकरांचीही सही आहे. व्यवस्थापनाने दोन्ही वेळा ‘पुढील वर्षी’ असा शेरा मारला होता.

या वर्षी फेब्रुवारीत कमळाकरांच्या मुलीचं, दिपिकाचं लग्न झालं. ते सात दिवस रजेवर होते. हळदीला अर्धं रुग्णालय ओव्याला आलं होतं. अतिदक्षता विभागातली रंजिता सिस्टर तर बँड थांबेपर्यंत नाचत होती. ती नेरे गावची, आणि मालूची, म्हणजे कमळाकरांच्या पत्नीची, माहेरकडून लांबची नातलग.

त्याच सात दिवसांत सात नंबरच्या खाटेचा मॉनिटर बंद पडला. कंपनीचा माणूस नवा मॉनिटर घेऊन आला. जुन्याचा नंबर नव्यात बसेना, म्हणून त्याने धनेशला विचारून राखीव हद्दीतला दुसरा नंबर भरला: दोनशे सव्वीस. धनेशने रजिस्टर उघडलं नाही. नियम होता. त्याने एक चिठ्ठी लिहिली, ‘बेड ७, नवा मॉनिटर, २२६. आल्यावर चढवा,’ आणि रजिस्टराच्या प्लास्टिकच्या वेष्टनात खोचली.

कमळाकर रजेवरून आले तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचली. नोंद करण्याआधी यंत्र पाहायचं होतं. त्या दिवशी सात नंबरवर पेशंट होता आणि आत जायला मनाई होती. दुसऱ्या दिवशीही होती. चिठ्ठी वेष्टनात राहिली. मार्च उजाडला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओव्याचे काशिराम पाटील खुब्याचं हाड मोडून दाखल झाले. वय ब्याऐंशी. जमिनीच्या मोबदल्याच्या आंदोलनात गावाने ज्यांच्या मागे चालायचं ठरवलं होतं, त्यांतले ते एक. अशा माणसाला दवाखान्यात ठेवलं की घरटी एकाने तरी बघायला जायचं, ही या गावांची रीत. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली भरून लोक आले. रविवारी आले, सोमवारी आले, मंगळवारी सकाळी साडेनऊपासून प्रतीक्षागृहात उभं राहायला जागा नव्हती.

‘सगले आलंव का?’ काशिराम खाटेवरून म्हणाले. ‘मी अजून मेलो नाय. परत यावं लागंल तुमाला.’

खाली प्रतीक्षागृहात कमळाकरांना गावच्या लोकांनी घेरलं.

‘ए कमळाकर, तुझ्या दवाखान्यात रेंज नाय येत. वायफायचा पासवर्ड काय हाय?’

‘त्यो स्टाफसाठी हाय.’

‘आमी काय परकं? दुबईला म्हाताऱ्याचा नातू हाय, त्याला तोंड दाखवायचं हाय.’

‘सव्वीस वर्षं झाली नोकरीला, गाववाल्याला पासवर्ड देत नाय,’ मागून एक बाई म्हणाली. ‘उद्या पानी पन विचारणार नाय.’

कमळाकरांनी रिसेप्शनवरच्या कागदावर पासवर्ड लिहून दिला. तो त्यांनी रविवारीही दिला होता आणि सोमवारीही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला वरून फोन यायला लागले. डॉक्टरांचे टॅब्लेट नेटवर्कला जोडले जात नव्हते. बाह्यरुग्ण विभागातले दोन संगणक सुरू झाले पण फाइल उघडेना. कमळाकरांनी सर्व्हरवर पाहिलं. एकवीसपासून दोनशेपर्यंत एकही नंबर मोकळा नव्हता. रविवारी अर्धा तास येऊन गेलेल्या मोबाईलनेही आठ दिवसांसाठी एकेक नंबर धरून ठेवला होता.

‘मुदत एका तासाची करू,’ धनेश म्हणाला.

‘कर. पण धरलेलं नंबर त्यानं आज सुटत नाय. डॉक्टर आता थांबलेत.’

‘मग ह्या मोबाईलवाल्यांना काढू एकेक करून.’

‘कोनता मोबाईल गेला आनि कोनता खाली बसलाय, कसं कळंल? पासवर्ड बदलला तर टॅब्लेट पन सगले परत जोडावं लागतील.’ कमळाकरांनी रजिस्टर ओढलं. राखीव हद्दीतल्या नोंदी दोनशे अठराला संपत होत्या. त्याच्या पुढचं पान कोरं होतं. ‘दोनशे एकवीस ते दोनशे पन्नास सोडू. तीस मिळतील. संध्याकाळी परत बंद करू.’

धनेशला त्याच वेळी बाह्यरुग्ण विभागात बोलावलं होतं. तो गेला. कमळाकरांनी तीसही नंबरांना एकेक करून रिंग दिली. एकाचंही उत्तर आलं नाही. दोनशे सव्वीसचंही नाही. सात नंबरची खाट शुक्रवारपासून रिकामी होती आणि वॉर्डातल्या शिस्तीप्रमाणे तिथला मॉनिटर भिंतीवरच्या बटणापासून बंद केलेला होता. टेलिफोनच्या बोर्डावर बंद यंत्राचीही रिंग जाते. इथे बंद यंत्र आणि नसलेलं यंत्र यांचं मौन सारखंच असतं.

अकरा चाळीसला त्यांनी हद्द वाढवली. दोन मिनिटांत टॅब्लेट जोडले गेले. डॉक्टरांनी आभाराचा फोन केला.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सर्व्हरने दोनशे सव्वीस नंबर प्रतीक्षागृहातल्या एका मोबाईलला दिला. सर्व्हरच्या यादीत त्याचं नाव आहे ‘परेश’. ओव्यात चार परेश आहेत. त्यांतला कोणता, हे कमळाकरांनी कधी विचारलं नाही.

दोन पंचवीसला सात नंबरच्या खाटेवर हसन मुकादम यांना आणलं. वय एकाहत्तर, जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त, हृदय आधीच कमजोर, आता न्यूमोनिया. मॉनिटर सुरू केला. त्याने आपला नंबर दुसऱ्या कोणाकडे असल्याचं पाहिलं आणि नेटवर्कवर बोलायचं थांबवलं. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर सगळे आकडे नीट दिसत होते. कोपऱ्यात फक्त एक लहान पिवळी खूण उमटली. सिस्टरांच्या टेबलावर सगळ्या खाटांचा जो मोठा पडदा असतो, त्यावरचा सात नंबरचा चौकोन मात्र करडाच राहिला. खाट रिकामी झाल्यापासून चार दिवस तो तसाच करडा होता.

पेशंट आला की मोठ्या पडद्यावरचा चौकोन उजळल्याची खात्री करायची, हा लेखी नियम आहे. रंजिता ती खात्री करायला वळली तेव्हा तीन नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचं हृदय थांबलं. ती तिकडे धावली. दुसरी सिस्टर औषधं आणायला खाली गेली होती. तीन वाजून दोन मिनिटांनी हसन मुकादम यांचा ऑक्सिजन उतरू लागला. खाटेजवळचा अलार्म वाजला, पण तो काचेच्या बंद दारामागे होता आणि त्याचा आवाज कमी ठेवलेला होता. मोठ्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. तीन वाजून तेरा मिनिटांनी परत वळताना रंजिताने काचेतून त्यांचा चेहरा पाहिला.

अकरा मिनिटं. त्यांना कृत्रिम श्वासावर घेतलं.

चार वाजता वॉर्डातून कमळाकरांना फोन आला की सातचा चौकोन लागत नाही. ते बूट बदलून आत गेले, मॉनिटरच्या सेटिंगमध्ये नंबर पाहिला आणि खाली आले. सर्व्हरच्या यादीत दोनशे सव्वीससमोर ‘परेश’ होतं. त्यांनी ती नोंद काढली, हद्द पूर्ववत केली. वर चौकोन उजळला. कामाच्या वहीत त्यांनी लिहिलं: ‘नेटवर्क बिघाड, दुरुस्त.’ मग रजिस्टराच्या वेष्टनातली चिठ्ठी काढून पाहिली आणि परत ठेवली.

बुधवारी हसन यांच्या मुलीने, शमा मुकादम यांनी, लेखी तक्रार दिली. त्या उर्दू शाळेत शिकवतात. वॉर्डाबाहेर कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सिस्टर गप्पा मारत होती. दुपारपर्यंत रंजिताला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं. तिच्याविरुद्धचा मुद्दा एका ओळीचा होता: चौकोन उजळला की नाही हे तिने पाहिलं नाही. तो खरा होता. चौकोन का उजळला नाही, हे कोणी विचारलं नाही. ‘नेटवर्क बिघाड’ या शब्दांनी सगळ्यांचं समाधान झालं होतं. वीज जाते, लिफ्ट अडकते, तसं नेटवर्क बिघडतं.

गुरुवारी जिन्याखालच्या खोलीत धनेशने दार लावून घेतलं.

‘दादा, ती चिठ्ठी.’

‘हाय.’

‘मी तेव्हाच बोलायला हवं होतं, हद्द वाढवताना. डोक्यातून गेलं.’

कमळाकरांनी रजिस्टर पिशवीत घातलं.

‘तुम्ही म्हणत असाल तर मी चिठ्ठी दिलीच नव्हती,’ धनेश म्हणाला. ‘कंपनीच्या माणसाने परस्पर नंबर टाकला. तो आता दुसरीकडे नोकरीला आहे. कोण विचारणार त्याला?’

‘आनि रंजिता?’

‘तिला समज देतील. फार तर जनरल वॉर्डात टाकतील.’

‘फार तर,’ कमळाकर म्हणाले. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्याकडे डिग्री नव्हती, होता तो वाशीच्या क्लासचा एक कागद. दुसरीकडे कुठेही कोणी त्यांना सर्व्हरला हात लावू दिला नसता. हे त्यांना माहीत होतं आणि धनेशलाही. पुढे त्यांनी या दिवसांबद्दल एवढंच सांगितलं: ‘कोनी विचारलं नाय. मी वाट बघत बसलो, कोनीतरी विचारंल.’

शुक्रवारी पहाटे हसन मुकादम गेले. अहवालात न्यूमोनिया आणि हृदयविकार अशी दोन कारणं आहेत. त्या अकरा मिनिटांचा त्यात किती वाटा होता, हे दोन डॉक्टरांना विचारलं गेलं आणि दोघांनीही सांगता येत नाही असं लिहून दिलं.

शनिवारी सकाळी ओव्यात मालू ओट्यावर बसून जवळा निवडत होती. कमळाकर चहा घेऊन बाहेर आले.

‘रंजिताच्या आयेचा फोन व्हता नेऱ्याशी,’ ती म्हणाली. ‘पोरगी जेवत नाय म्हन्ते. गावात बोलतात, हिनं मानूस मारला.’

कमळाकर चहा पीत राहिले.

‘तुमच्या नेटमुलं झालं का काय ते?’

‘कोन म्हनलं?’

‘कोनी नाय. मंगलवारपासनं तुमी रजिस्टर घरी आनताव पिशवीत. सोला वर्षांत कवा आनलं नव्हतं.’ तिने सूप झटकलं. ‘दिपिकाच्या हळदीला ती पोरगी नाचली ना, तिच्या पायाला फोड आले व्हते. मीच तेल लावलं.’

ती सूप घेऊन आत गेली.

चौकशी अकरा वाजता होती. वैद्यकीय अधीक्षक डॉ. समीक्षा वर्तक आणि आणखी दोघे टेबलाच्या एका बाजूला होते, दुसऱ्या बाजूला रंजिता, आणि खिडकीजवळ शमा मुकादम. कमळाकर दार वाजवून आत आले. पिशवीतून रजिस्टर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

‘भोईर, तुम्हाला बोलावलेलं नाही,’ डॉ. वर्तक म्हणाल्या.

‘माहीत आहे मॅडम. सातचा चौकोन का लागला नाही, ते सांगायचं आहे.’

‘तुमची नोंद आहे ना? नेटवर्क बिघाड, दुरुस्त.’

‘ती अर्धी आहे.’

त्यांनी चिठ्ठी काढली, उलगडली आणि डॉक्टरांसमोर सरकवली. मग सगळं क्रमाने सांगितलं: रजा, नवा मॉनिटर, न केलेली नोंद, काशिराम पाटलांना बघायला आलेले लोक, तीस नंबर, तीस वेळा दिलेली रिंग. सर्व्हरची यादी छापून आणली होती, तीही ठेवली. वेळा त्यांना पाठ होत्या. बोलताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. धनेशबद्दल ते म्हणाले की चिठ्ठी त्याने वेळेवर दिली होती.

मग शमा मुकादम यांनी विचारलं, ‘म्हणजे माझ्या अब्बांच्या मशीनचा नंबर खाली कुणाच्या तरी मोबाईलला दिला गेला?’

‘हो.’

‘कोणी दिला?’

‘दिला सर्व्हरने. हद्द मी वाढवली होती.’

‘आणि हे तुम्हाला कधी समजलं?’

‘मंगळवारी. चार वाजता.’

शमा रंजिताकडे वळल्या. ‘मला सांगितलं गेलं की तुम्ही गप्पा मारत होता.’

‘मी तीन नंबरवर होते,’ रंजिता म्हणाली. ‘छातीवर दाब देत होते.’

‘तो पेशंट?’

‘वाचला. काल जनरल वॉर्डात हलवला.’

शमांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ‘अल्ला त्याला उमर देवो,’ त्या म्हणाल्या. ‘मॅडम, माझ्या तक्रारीत गप्पांचा शब्द आहे. तो काढा. आणि आता यांनी जे सांगितलं ते लिहा. सगळं. वेळेसकट. मला त्याची कॉपी हवी.’

ते लिहिलं गेलं. पावणेदोन पानं झाली. कमळाकरांनी वाचून सही केली. एका ठिकाणी ‘नजरचुकीने’ असा शब्द घातला होता. त्यांनी तो काढायला सांगितला. म्हणाले, चिठ्ठी त्यांनी वाचलेली होती.

बाहेर व्हरांड्यात रंजिता पाण्याच्या यंत्राजवळ उभी होती. कमळाकर तिच्याजवळ थांबले.

‘दादा, मंगळवारी चार वाजता तुमाला कळलं व्हतं,’ ती म्हणाली. रुग्णालयात ती एरवी अशी बोलत नसे.

‘हो.’

‘आज शनिवार हाय.’

कमळाकरांनी मान हलवली. तिने ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि ती जिन्याने वर निघून गेली.

रंजिता सोमवारी कामावर रुजू झाली. चौकोन न पाहिल्याबद्दलची एक ओळ तिच्या फाइलवर राहिली. चौकशीची प्रत शमा मुकादम यांनी नेली. त्यांनी पुढे तक्रार वाढवली नाही आणि मागेही घेतली नाही. अतिदक्षता विभागाचं नेटवर्क एप्रिलमध्ये वेगळं करण्यात आलं. प्रतीक्षागृहाच्या वायफायला आता स्वतःचे नंबर आहेत, तासाभराच्या मुदतीचे, आणि तिथून दुसरीकडे जायला वाट नाही. दोन वर्षं ‘पुढील वर्षी’ असलेलं काम नऊ दिवसांत झालं.

कमळाकरांना नेटवर्कच्या कामावरून काढलं. नोकरी गेली नाही, कारण टेलिफोन बोर्डावरची जागा जानेवारीपासून रिकामी होती आणि तिथे बसायला कोणी मिळत नव्हतं. जिन्याखालची खोली सोडण्याच्या दिवशी त्यांनी रजिस्टर उघडलं, दोनशे अठराच्या खाली आले आणि लिहिलं: ‘२२६. बेड ७, मॉनिटर.’ तारखेच्या रकान्यात त्यांनी फेब्रुवारीतली तारीख लिहिली नाही. त्या दिवसाची लिहिली. मग पेन धनेशकडे दिलं. पुढच्या नोंदी धनेशच्या अक्षरात आहेत. त्याने त्या संगणकावरही चढवल्या आहेत, पण रजिस्टर बंद केलेलं नाही.

बोर्ड आता नव्या पद्धतीचा आहे, एक्स्टेन्शन एकशे दहा. कमळाकरांना ती दोन आठवड्यांत पाठ झाली. बाहेरून फोन येतो, नातेवाईक अतिदक्षता विभाग मागतात, ते नंबर दाबतात. कोणी उचलेपर्यंत मध्येच लाईन सोडत नाहीत. दुपारच्या पाळीत बहुतेकदा रंजिता उचलते.

‘आयसीयू.’

‘बाहेरचा फोन आहे. जोडतो.’

‘जोडा,’ ती म्हणते.